सकाळी पातेलं अजून कोमट होतं

प्रश्न: आखाडात आमच्याकडे दरवर्षी सगळे जमतात. यंदा ४ किलो मटणाचा तांबडा रस्सा केला मोठ्या जर्मनच्या पातेल्यात, पण संध्याकाळपासून पावसाने असा जोर धरला की निम्मे लोक आलेच नाहीत आणि रात्री साडेदहाला अर्ध्याहून जास्त पातेलं शिल्लक. मी म्हटलं फ्रीजमध्ये ठेवूया, तर सासूबाई म्हणाल्या गरम ठेवलं की फ्रीज बिघडतो आणि कालवण पण विटतं, ओट्यावर झाकून ठेव आणि सकाळी उकळी दे. तसंच केलं. सकाळी सातला बघितलं तर पातेलं अजून कोमट होतं, वास एकदम छान, मग वाफ येईपर्यंत गरम केलं आणि दुपारी दोनला परत जरा गरम करून जेवलो. रात्री बारानंतर चौघांच्या पोटात मुरडा आणि जुलाब. उलटी नाही, ताप नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे ठीक. मटण ताजं होतं, डोळ्यासमोर कापून घेतलेलं. मग चुकलं कुठे? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: ताई, मटणात काही खोट नव्हती आणि तुमच्या हातातही नव्हती. तुमच्या पत्रातलं 'सकाळी सातला पातेलं अजून कोमट होतं' हे वाक्य मी तीन वेळा वाचलं, कारण उत्तर तिथेच आहे. साडेदहा ते सात, साडेआठ तास पावसाळी हवेत राहूनही जे पातेलं कोमट असतं ते रात्रभर नेमक्या त्याच उबेत बसलेलं असतं जी जिवाणूंना सगळ्यात जास्त मानवते. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा सगळा पट्टा धोक्याचा, त्याच्या वर ठेवा नाहीतर खाली ठेवा, मध्ये रेंगाळू देऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, रस्सा तर तासभर रटरटत होता, जिवाणू राहिलेच कसे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स म्हणून एक जिवाणू आहे, मातीत असतो, जनावरांच्या आतड्यात असतो, कच्च्या मटणावर थोडाफार असतोच, दुकान कितीही स्वच्छ असू दे. उकळल्यावर तो मरतो पण त्याचे बीजाणू मरत नाहीत, बीजाणू म्हणजे कडक कवचातलं बी समजा. रस्सा हळूहळू निवत पन्नासच्या खाली आला की ती बियाणी उगवायला लागतात आणि ४३ ते ४७ अंशांच्या आसपास हा जिवाणू साधारण दर १० मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणजे एकाचे २ तासांत ४ हजार. त्याला हवा नको असते, आणि उकळताना रश्शातली हवा आधीच निघून गेलेली असते, वरून तुमचा तो लालभडक तवंग. कोल्हापूरकडचा रस्सा म्हटला की कट बोटभर हवाच, पण गॅस बंद झाल्यावर तोच कट झाकणासारखा बसतो, वाफ बाहेर जाऊ देत नाही आणि खालचा रस्सा तासन्‌तास गरम धरून ठेवतो. पळीने तवंग बाजूला केल्यावर खालून भसकन वाफ येते ना, तेच ते.

असा रस्सा पोटात गेला की हे जिवाणू आतड्यात विष तयार करतात, ६ ते २४ तासांत मुरडा आणि जुलाब, उलटी आणि ताप सहसा नाही, दिवसभरात आपोआप थांबतं. तुमचं दोनचं जेवण आणि बारानंतरचा त्रास, सगळं जुळतंय. तपासणीशिवाय शंभर टक्के नाव घेता येत नाही, पण लग्नाकार्यात, मेसमध्ये, जिथे जिथे मोठी पातेली चढतात तिथला हा जुना ओळखीचा त्रास आहे. आणि वासाचं म्हणाल तर वासावर अजिबात जाऊ नका, आंबूस वास वेगळे जिवाणू आणतात, हा काही कळू देत नाही.

सकाळी खळखळून उकळलं असतं तर हा जिवाणू बराचसा मेला असता हे खरं. पण भरलेल्या दाट पातेल्यात कडेला बुडबुडे येतात, वाफ येते आणि मध्ये मटणाच्या ढिगात अजून कोमटच असतं. शिवाय काही जिवाणू अन्नातच विष सोडून ठेवतात, हातावरून येणारा स्टॅफिलोकोकस त्यातलाच, आणि त्याचं विष उकळूनही जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेलं मटण उकळून खा असं मी कुणालाच सांगणार नाही, ४ किलोचे पैसे गेले तर जीव हळहळतो, मला माहितीये, तरी नाही.

सासूबाईंना कृपा करून दोष देऊ नका. चुलीच्या काळात उरलेलं कालवण वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या चुलीवर, सरकवून ठेवायचे, निखाऱ्याच्या धगीवर ते चांगलं चटका बसेल इतकं गरम राहायचं, म्हणजे ६० च्या वरच. गॅस आला, वैल गेला, आणि 'झाकून ठेव' एवढंच मागे राहिलं. फ्रीजबद्दलही त्या अर्ध्या बरोबर आहेत. ८ लिटरचं वाफाळतं पातेलं आत ढकललं तर फ्रीज त्याला रात्रभरात थंड करू शकत नाही आणि शेजारचं दूध, दही मात्र गरम होतं. चूक फक्त 'पूर्ण गार होईपर्यंत बाहेर' यात आहे, कारण मोठं पातेलं नुसतं ठेवून गार होतच नाही. दाट पदार्थाची जाडी दुप्पट केली की निवायला साधारण चौपट वेळ लागतो. मग उलटं करायचं, जाडी कमी करायची.

पुढच्या वेळी असं करा. पंगत बसेपर्यंत पातेलं बारीक गॅसवर, वाफाळतं. लोक येणार नाहीत असं कळलं की तिथेच ठरवून टाका, किती वाढायचं आणि किती आजच गार करायचं, जेवणं आटोपून भांडी घासून झाल्यावर नाही. ओगराळ्याने मटणाच्या फोडी काढून परातीत पसरा, त्या १५-२० मिनिटांत निवायला लागतात. रस्सा पसरट भांड्यांत ओता, उंची २ इंच, म्हणजे आडवी तीन बोटं, त्याहून जास्त नको. सिंकला बूच लावून गार पाणी भरा (बूच नसेल तर मोठी परात किंवा घमेलं), त्यात भांडी ठेवा आणि दर दोनचार मिनिटांनी पळी फिरवत राहा, तवंग मोडला पाहिजे. बाहेरचं पाणी हाताला कोमट लागलं की बदला. बर्फ असेल तर त्या पाण्यात टाका, मूठभर खडेमीठही टाका, पाणी आणखी गार होतं. वर घट्ट झाकण नको, जाळी चालेल, पंखा लावा.

आणखी एक युक्ती मला फार आवडते. शिजवतानाच रस्सा थोडा दाट ठेवायचा आणि राहिलेलं पाणी म्हणजे उकळून गार करून जमवलेला बर्फ. ६ लिटर रस्सा ९० अंशांवर असताना १ किलो बर्फ टाकलात तर तो एका फटक्यात साधारण ६५ वर येतो, पाण्याचं प्रमाणही बरोबर बसतं. बाजारातला लादीचा बर्फ मात्र आत टाकू नका, तो भांड्याच्या बाहेरच.

वेळेचं गणित असं: हॉटेलांसाठी अमेरिकेत जो नियम आहे तो सांगतो की ५७ वरून २१ अंशांवर पहिल्या २ तासांत, आणि तिथून ५ वर पुढच्या ४ तासांत. घरी थर्मामीटर नसला तरी पहिले २ तास लक्षात ठेवा, तेवढ्यात भांडं हाताला गार लागायला हवं, मग छोट्या स्टीलच्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये. जर्मनच्या पातेल्यात ठेवू नका, टोमॅटो नाहीतर चिंच असली की ती भांड्याला लागते. डबे एकावर एक रचू नका, मध्ये हवा खेळू दे. हॉटपॉटमध्ये तर रात्रभर मुळीच नाही, तो तासाभरासाठी आहे, रात्रभरात तो रस्सा त्याच धोक्याच्या उबेत आणून ठेवतो.

फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस, ओल्या नारळाचं वाटण असेल तर मी २ दिवसांत संपवते. गरम करताना जेवढा लागेल तेवढाच काढायचा, ढवळत ढवळत मधोमध खदखदा उकळी येईपर्यंत, थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश. एकदा गरम केलेला परत फ्रीजमध्ये ढकलायचा नाही.

आणि हो, त्या रात्रीचा भात उरला असेल तर त्यालाही हेच सगळं लागू. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाचा दुसरा बीजाणूवाला असतो आणि त्याचं उलटी आणणारं विष फोडणीच्या भाताच्या कढईत नष्ट होत नाही. असा त्रास परत कुणाला झालाच तर ओआरएस सुरू करा, आणि जुलाबात रक्त दिसलं, लघवी कमी झाली, जास्त ताप आला किंवा लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर वाट न बघता डॉक्टर.

प्रश्न: मी नोकरीनिमित्त एकटा राहतो, रविवारी मोठा कुकर भरून पांढरा रस्सा करून फ्रीझरमध्ये टाकतो. पण गरम केला की फाटतो आणि बटाटा स्पंजसारखा लागतो. शिवाय सकाळी ओट्यावर काढून ऑफिसला जातो ते बरोबर आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: पांढरा रस्सा नारळाच्या दुधामुळे फाटतो, आणि नीट उकळल्याशिवाय तर खायचा नाही, म्हणजे दोन्हीकडून अडचण. त्यावर उपाय म्हणजे फक्त अळणी गोठवायची, मटण आणि त्याचं पाणी. खायच्या दिवशी ती खळखळ उकळायची, गॅस बारीक करायचा आणि मग काजू-खसखशीचं वाटण आणि ताजं नारळाचं दूध घालून नुसतं गरम करायचं, चव पण पहिल्या दिवशीची राहते. बटाटा गोठवूच नका, त्यातलं पाणी गोठून त्याची वीण मोडते, तो वेगळा उकडून घाला. डब्यात वर बोटभर जागा सोडा, गोठताना पाणी फुगतं. उणे १८ अंशांना २-३ महिने चव चांगली राहते, पण डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा, महिन्याभराने सगळे डबे सारखेच दिसतात.

ओट्यावर काढून ऑफिसला जाणं मात्र आजपासून बंद करा. बाहेरचा थर वितळून दिवसभर गरम होत राहतो आणि आत बर्फाचा गोळा तसाच. आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवा, विसरलात तर गोठलेलाच पातेल्यात घालून बारीक गॅसवर वितळवा आणि मग मोठी उकळी. मायक्रोवेव्ह असेल तर मध्ये दोनदा काढून ढवळा, तो कडेला चटका देतो आणि मध्ये गारच ठेवतो.

प्रश्न: आमच्याकडे लोडशेडिंग असतं, कधी कधी ६ तास लाईट नसते. फ्रीजमधलं मटणाचं कालवण टाकायचं का दर वेळी? – एक वाचक, यवतमाळ

उत्तर: दार अजिबात उघडलं नाही तर फ्रीज साधारण ४ तास थंड राहतो, फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४ तास. म्हणून लाईट जायची वेळ माहीत असेल तर कालवणाचा डबा आधीच वरच्या फ्रीझरमध्ये हलवा, आणि रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा (पाऊण भरलेल्या, नाहीतर फुटतात). ६ तासांनी लाईट आल्यावर फ्रीझरमधल्या डब्यावर अजून बर्फाचे कण दिसत असतील तर ठीक, परत गोठू द्या. खालच्या फ्रीजमध्ये राहिलेलं मटण, दुधाचे पदार्थ, शिजलेला भात हे ४ तासांच्या वर गेलं असेल तर टाका, उन्हाळ्यात तर विचारच करू नका. लोणचं, लोणी, कोरड्या चटण्या राहू द्या, त्यांना काही होत नाही.