ट्रक, पण चाकांचा नव्हे

प्रश्न : एका जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘ट्रक’ हा शब्द देवाणघेवाण या अर्थाने आलाय. आपल्या मालट्रकशी त्याचं काही नातं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : काही नाही, नुसते नामबंधू. मालट्रकचं मूळ बहुधा चाकाच्या ग्रीक शब्दात आहे. तुमचा ट्रक जुन्या फ्रेंचमधला, वस्तू देऊन वस्तू घेणं या अर्थाचा. अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये तो सरळ व्यवहारातला शब्द म्हणून वापरलाय.

पुढे त्याला बट्टा लागला. इंग्लंडातले काही कारखानदार मजुरीत नाणी न देता माल द्यायचे किंवा आपल्याच दुकानाची चिठ्ठी हातात ठेवायचे, आणि त्या दुकानात भाव चढे. याला ‘ट्रक पद्धत’ म्हणत. १८३१ च्या कायद्याने अनेक धंद्यांत ती बंद केली.

मराठी शब्द विचाराल तर अदलाबदल ठीक, पण मला आठवते ती नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यातली बोहारीण. आईने तीन साड्या आणि वडिलांची लोकरी पँट पुढे केली, की ती एकेक साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधायची. मग, “ताई, यात पातेलं नाही बसत, डबा घ्या.” आई पँट उचलून परत आत नेई. पातेलंच मिळायचं.

इंग्रजीत आता हा ट्रक बहुतेक नकारातच उरलाय : अमक्याशी ‘ट्रक’ नाही, म्हणजे देणंघेणं नाही.