नंतर बसवलेल्या दरवाजांना सेन्सर : आधी खटका, मग दिवा

खारघरहून एका वाचक भगिनींनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी गेल्या वर्षी २०१६ सालची सॉफ्ट टॉप (कापडी छताची) महिंद्रा थार जुन्या बाजारातून घेतली. आधीच्या मालकाने तिला फायबरचा हार्ड टॉप (कडक छत) आणि बाहेरून बनवून घेतलेले पत्र्याचे दरवाजे बसवले होते. दरवाजा उघडा राहिल्याचे सांगणारा दिवा वा बझर या गाडीत नाही. मागच्या महिन्यात महापेहून घरी येताना उरण फाट्याच्या वळणावर डावा दरवाजा अचानक उघडला. त्या वेळी त्यांचा सहा वर्षांचा मुलगा पुढच्या सीटवर बसलेला होता आणि केवळ पट्टा लावलेला असल्यामुळे तो सुखरूप राहिला. आता वाशीतील एका दुकानाने सेन्सर, सेंट्रल लॉकिंग, अलार्म आणि स्क्रीन मिळून १४,५०० रुपये सांगितले आहेत, ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन तीन स्विच आणि एक दिवा १,८०० रुपयांत बसवून देतो, तर डेंटरच्या (गाडीचा पत्रा दुरुस्त करणाऱ्याच्या) मते दोन्ही दरवाजांच्या बिजागऱ्या आणि खटके नव्याने बसवायला ४,२०० रुपये लागतील. घरखर्च दरमहा ४८,००० रुपये, आपत्कालीन निधी १,१०,००० रुपये आणि एसआयपी वजा जाता महिन्याला सुमारे ७,००० रुपये शिल्लक, अशी त्यांची स्थिती आहे.

ताई, तुमची काळजी रास्त आहे आणि या कामावर खर्च करणे योग्यच आहे. मात्र पहिला रुपया सेन्सरवर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेन्सर दरवाजा उघडा असल्याचे सांगतो, तो दरवाजा धरून ठेवत नाही. चालत्या गाडीचा दरवाजा उघडला याचा अर्थ बहुधा खटका अर्ध्या लॉकवर अडकला होता, म्हणजे दरवाजा लागल्यासारखा दिसला तरी खटका पूर्ण बसला नव्हता, किंवा बिजागरी झुकल्यामुळे दरवाजाचा लॅच (म्हणजे खटका) आणि तो ज्यात अडकतो तो खांबावरचा स्ट्रायकर एका रेषेत राहिले नव्हते. बाहेरून बनवलेल्या दरवाजांत हा दोष वारंवार आढळतो, कारण पत्रा जड असतो आणि गाडीची चौकट त्या वजनासाठी आखलेली नसते. म्हणून डेंटरचे ४,२०० रुपये हा या व्यवहारातील सर्वांत मोलाचा खर्च आहे. तो होईपर्यंत मुलाला पुढे बसवू नका. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १,००० रुपये दंड आहे, पण खरा प्रश्न दंडाचा नाही, हे तुम्ही उरण फाट्यावर अनुभवलेच आहे.

त्यानंतर सेन्सर. येथे स्वस्त आणि महाग यांपेक्षा स्विच कोठे बसतो हे अधिक महत्त्वाचे आहे. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत हा स्विच लॅचच्या आतच असतो, त्यामुळे अर्धे लॉकही त्याला कळते. नंतर बसवताना मात्र बिजागरीच्या बाजूला दाबाचा पिन स्विच लावणे सोपे पडते. त्या बाजूला अर्ध्या आणि पूर्ण लॉकमधील हालचाल इतकी कमी असते की स्विच दाबलेलाच राहतो आणि दिवा विझतो. तुमच्या बाबतीत जे घडले, ते असा स्विच असूनही घडले असते, आणि विझलेल्या दिव्यावर विसंबून तुम्ही निर्धास्त राहिला असता. चुंबकावर चालणारा रीड स्विच लावायचा असेल तर तो खटक्याच्या बाजूला लावावा आणि अंतर असे जुळवावे की दरवाजा पूर्ण बसल्याशिवाय दिवा विझणार नाही.

फायबरच्या भागावर स्विच बसवला तर त्याला बॉडीची अर्थिंग (विजेचा परतीचा मार्ग) मिळत नाही, चेसिसपर्यंत वेगळी वायर ओढावी लागते. खाडीच्या खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसाळ्यात उघडे जोड लवकर गंजतात. जोड बंदिस्त हवेत, फ्यूज वेगळा हवा आणि दिव्याचा पुरवठा इग्निशन चालू असतानाच मिळावा. पाच वॉटचा साधा बल्ब बारा व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर घेतो. पुरवठा तसा नसेल आणि दरवाजा किंचित उघडा राहून तो चोवीस तास जळला तर सुमारे १० अँपिअर-तास खर्च होतात, आणि सोसायटीत चार दिवस उभी राहिलेली गाडी मग सुरू होणार नाही. तिसऱ्या, म्हणजे मागच्या दरवाजाचा स्विच कमी निकडीचा आहे, तरी १,८०० रुपयांत तो येत असेल तर घ्यावा.

१४,५०० रुपयांचा संच मी नाकारेन. त्यातील स्क्रीन आणि अलार्म तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, आणि गाडी विकताना अशा वस्तूंची किंमत सहसा मिळत नाही. क्रेडिट कार्डावर दरमहा साडेतीन टक्के व्याज लागत असेल, तर एवढ्या थकबाकीवर पहिल्याच महिन्यात सुमारे ५०७ रुपये आणि त्यावर जीएसटी द्यावा लागेल. तुमचा आपत्कालीन निधी सव्वादोन महिन्यांच्या खर्चाइतकाच आहे, त्यालाही हात लावू नये. ४,२०० आणि १,८०० मिळून ६,००० रुपये होतात, ते एका महिन्याच्या शिलकीत बसतात आणि एसआयपी थांबवावी लागत नाही.

कागदपत्रांची बाजू याहून गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीमधील (नोंदणी प्रमाणपत्रातील) तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली, आणि कलम १८२अ खाली परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हार्ड टॉप आणि दरवाजे तुम्ही बसवले नसले तरी आज मालक तुम्ही आहात. पनवेलच्या आरटीओत लेखी विचारणा करा, कारण आरसीची पंधरा वर्षे २०३१ मध्ये संपतील तेव्हा गाडी तपासणीला न्यावीच लागेल.

विमा कंपनीलाही दरवाजे, टॉप आणि नवा सेन्सर लेखी कळवा. कारखान्याबाहेरील विद्युत उपकरणांसाठी प्रचलित दर किमतीच्या ४ टक्के आहे, म्हणजे १,८०० रुपयांवर ७२ रुपये आणि कर. मात्र सेन्सर बिघडला वा चोरीला गेला म्हणून दावा करू नका. १,५०० सीसीवरील गाडीला २,००० रुपयांची सक्तीची कपात आहे, म्हणजे दाव्यातील तेवढी रक्कम मालकानेच सोसायची, त्यामुळे हाती काहीच येणार नाही, उलट साठलेला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जाईल.

इलेक्ट्रिशियनला निम्मे पैसे आधी द्या. उरलेले देण्यापूर्वी त्याच्यासमोर प्रत्येक दरवाजा मुद्दाम अर्ध्या लॉकवर लावा, आणि त्या स्थितीत दिवा पेटलेला दिसला तरच रक्कम पूर्ण करा.