सीपॅप यंत्र आणि बोअरचे पाणी

प्रश्न : स्लीप अ‍ॅप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकाराचे, निदान झाल्यापासून माझे वडील रात्री सीपॅप यंत्र (नळी व मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग खुला ठेवणारे) लावून झोपतात. घोरणे थांबले आहे. मात्र हवा दमट करण्यासाठी यंत्राला असलेल्या पाण्याच्या भांड्यात पांढरा थर साचतो, पहाटे नळीत पाणी गुळगुळते आणि मास्कच्या पुढील बारीक छिद्रांतून सतत हवा जाते. ती छिद्रे चिकटपट्टीने बंद करावीत का? भांड्यात आम्ही बोअरचे पाणी उकळून, गार करून घालतो.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी चिकटपट्टीविषयी. ती छिद्रे मुळीच बंद करू नयेत. वडिलांनी सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने बाहेर पडतो. ती अडवल्यास तोच वायू पुन्हा आत ओढला जाईल. गळती म्हणायची ती मास्कच्या कडेने, विशेषतः डोळ्यांकडे येणाऱ्या हवेला. त्यासाठी पट्टे करकचून आवळले, तर नाकावर वळ उठतात आणि गळती मात्र बहुधा तशीच राहते. चेहऱ्याच्या तेलाने मास्कची मऊ कड निसरडी होते, म्हणून ती रोज सकाळी सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. नळी व भांडे आठवड्यातून एकदा तसेच धुवावे. डेटॉल, स्पिरिट किंवा ब्लीच वापरू नये. निर्जंतुकीकरणाच्या महागड्या पेट्यांची, माझ्या मते, घरी काहीच गरज नाही.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटते तसे त्यांचे प्रमाण वाढते. डिस्टिल्ड वॉटरच वापरावे आणि तेही औषधांच्या किंवा सर्जिकल दुकानातून आणलेले, कारण गॅरेजमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे कॅन श्वासाच्या उपयोगासाठी भरलेले नसतात. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून द्यावे. साचलेला थर भरपूर पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भांडे भिजवल्यास सुटतो. नंतर ते स्वच्छ खळखळून घ्यावे.

नळीतील पाणी हा यंत्राचा बिघाड नव्हे. थंडीत उबदार दमट हवा गार नळीतून जाताना तिच्यातील वाफेचे पाणी होते. यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवावे, नळीला कापडी आवरण घालावे, आणि तरीही पाणी आले तर आर्द्रता एक पायरी कमी करावी. त्याने तोंड कोरडे पडू लागले, तर पुन्हा वाढवावी. हवेचा दाब मात्र डॉक्टरांनी ठरवलेला असतो, तो घरी बदलू नये.

फिल्टरविषयी आपण विचारले नाही, पण शिवारात पाचट पेटवण्याच्या दिवसांत तो लवकर काळवंडतो. पातळ पांढरा फिल्टर धुण्याजोगा नसतो, तो बदलावाच लागतो. स्पंजसारखा असेल तर धुऊन पूर्ण वाळल्यावरच बसवावा. आणि यंत्र तपासणीसाठी मिरजेला किंवा सांगलीला नेताना भांडे रिकामे करून न्यावे, अन्यथा एसटीच्या धक्क्यांनी पाणी मोटरमध्ये शिरते.