सोयाबीनच्या कोवळ्या दाण्यातून आरएनए काढताना

फुलांना टॅग लावून दाण्याच्या वयाचे दिवस मोजतेस ते ठीक, पण नमुना निवडताना दाण्याचं वजन आणि रंगही बघ. एकाच शेंगेतले दाणे मागेपुढे असतात. कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर हे ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारं दाण्यातलं प्रथिन. त्याचा एमआरएनए, म्हणजे ते बनवण्याचा जनुकाकडून आलेला निरोप, दाणा हिरवा असून भरत असतो तेव्हा भरपूर सापडतो. वाळेपर्यंत तो खूप घटतो, प्रथिन मात्र ठासून भरलेलं राहतं. त्यामुळे पक्व दाण्यात क्यूपीसीआरचा (एमआरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) सिग्नल क्षीण आला तर लगेच किटला शिव्या घालू नकोस, आधी वेस्टर्न ब्लॉट करून प्रथिन आहे का ते बघ. साल सोलूनच टाक; ती मातृरोपाची ऊती, भ्रूणाची नव्हे. सोलताना रेंगाळू नकोस, दाणा थेट द्रव नायट्रोजनमध्ये. प्राइमर (क्यूपीसीआरला नेमकं जनुक दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे) केटीआय-३ या इनहिबिटरच्या जनुकासाठीच बनव, त्याची बाकीची भावंडं जनुकं त्यात घुसता कामा नयेत. आणि अ‍ॅक्टिनवर तुलनेसाठी स्थिर धरलेलं जनुक म्हणून डोळे मिटून विसंबू नकोस, ते दाण्याच्या प्रत्येक टप्प्यावर स्थिर राहतं का ते तपास.