सी हॅरियर इतकं हळू विमान होतं, तरी भारतीय नौदलाने ते 32 वर्षं का वापरलं?

तुम्ही गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर, म्हणजे जहाजावर सरळ खाली उतरणारं लढाऊ जेट, पाहून आलात आणि विचारलंत, की त्याच्यानंतर आलेलं मिग 29 के याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जातं, मग हे जुनं, हळू विमान 2016 पर्यंत का ठेवलं आणि आमच्यासारखी माणसं त्याच्याबद्दल एवढी हळवी का होतात. प्रश्न रास्त आहे. मी मूळचा पेडण्याचा. नौदलात तंत्रज्ञ होतो आणि नोकरीतली बहुतेक वर्षं दाबोळीच्या नौदल तळावर याच विमानांच्या इंजिनांवर काढली. आता चिखलीला राहतो. तेव्हा जे हाताखालून गेलं त्यावरून सांगतो.

वेगाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. समुद्रसपाटीला ताशी 1180 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जरा खालीच. पण लढाऊ विमान उडतं कुठून, हे आधी बघायला हवं. दाबोळीची धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. जुनं विक्रांत हे विमानवाहू जहाज नाकापासून शेपटीपर्यंत अवघं 213 मीटर. त्यातही विमानाला मिळणारी जागा त्याहून कमी, आणि ती समुद्रावर हलत असते. 1983 साली एवढ्याशा जहाजावरून उडून परत त्याच्यावरच उतरेल असं नव्या पिढीचं जेट जगाच्या बाजारात जवळपास एकच होतं, ते हे.

त्याआधी आपल्याकडे सी हॉक ही जुनी जेट विमानं होती. 300 क्रमांकाचं स्क्वाड्रन, म्हणजे व्हाइट टायगर्स, 7 जुलै 1960 ला याच विमानांवर उभं राहिलं. 4 डिसेंबर 1971 ला विक्रांतवरून उडून कॉक्स बाझारवर आणि चितगावच्या बंदरावर हल्ले केले ते यांनीच. सत्तरीचं दशक सरता सरता ती विमानं थकली. त्यांच्या जागी काही आलं नसतं तर जहाजावरून जेट उडवण्याची विद्याच आपल्याकडून गेली असती, असं माझं ठाम मत आहे. ही विद्या पुस्तकात राहत नाही. ती वैमानिकाच्या हातात असते, डेकवर इशारे देणाऱ्याच्या खांद्यात असते, आमच्यासारख्यांच्या नजरेत असते. दहा वर्षं खंड पडला की शिकवणारी माणसं निवृत्त होतात, आणि मग पैसे मोजूनही ती परत मिळत नाही.

पहिली तीन सी हॅरियर 16 डिसेंबर 1983 ला इंग्लंडहून उडत दाबोळीला आली. पुढे नौदलप्रमुख झालेले अरुण प्रकाश तेव्हा स्क्वाड्रनचे प्रमुख होते. चारच दिवसांनी विमान विक्रांतच्या डेकवर उतरलं.

आता यंत्राकडे येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. हॅरियरच्या पेगासस इंजिनाला मागे एक तोंड नसतं, बाजूंना चार नोझल असतात. पुढच्या दोन्हींतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोन्हींतून जळालेला गरम झोत. चारही नोझल एकदमच फिरली पाहिजेत, नाहीतर विमान क्षणात कलंडेल. म्हणून ती दांडे आणि साखळ्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. होय, सायकलसारख्या साखळ्या. इंजिनातल्याच दाबाच्या हवेवर चालणारी एक मोटर त्या फिरवते. वैमानिकाच्या डाव्या हाताशी थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्याच्या, शेजारी एकच जादा दांडा. तो मागे ओढला की झोत खाली वळतो आणि विमान हवेत थांबतं. थांबल्यावर शेपूट, पंख काहीच काम करत नाहीत, कारण त्यांच्यावरून वाराच जात नाही. तेव्हा नाकाशी, शेपटीशी आणि पंखांच्या टोकांशी असलेल्या बारीक झडपांतून हवेचे फवारे सोडून तोल सांभाळायचा. वैमानिक आधी जहाजाच्या डाव्या अंगाला, जहाजाच्याच वेगाने सोबत चालत राहायचा, मग आडवा सरकून डेकवर यायचा आणि खाली बसायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हातातलं काम विसरलो होतो.

या सगळ्याला गोव्याची हवा मात्र मानवत नसे. हिशेब साधा आहे. इंजिनाचा जोर सुमारे 9,700 किलो, रिकामं विमान साधारण 6,400 किलोचं. सरळ खाली उतरायचं तर उरलेल्या सव्वातीन टनांत इंधन, शस्त्रं, वैमानिक सगळं बसवायचं. त्यातून हवा तापली की इंजिनाचा जोर घटतो. एप्रिल-मे महिन्यांत दाबोळीच्या टारमॅकवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या पक्क्या जमिनीवर, पाय ठेवून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतो ते. यावर उपाय म्हणजे पाणी. सव्वादोनशे लिटरची एक टाकी असते. उतरताना ते पाणी इंजिनात फवारलं की आतलं तापमान आटोक्यात राहतं आणि जोर थोडा वाढवता येतो. पण ते दीड मिनिटच पुरतं. त्या दीड मिनिटात उतरायचं. क्षारविरहित पाणी भरण्याचं काम आम्ही देवाच्या तांब्यासारखं जपून करायचो.

इंजिन काढायचं असेल तर या विमानाचा पंखच उचलावा लागतो, हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही. इंजिन पोटात, आणि त्याच्यावर डावीकडून उजवीकडे एकसंध पंख. आधी सगळ्या नळ्या, तारा, जोड सोडवायचे. मग पंखाला पट्टे लावून क्रेनने अलगद वर घ्यायचा, तो घोडीवर ठेवायचा आणि मग इंजिन सरळ वर काढायचं. पंख काढलेलं हॅरियर हँगरमध्ये उभं असलं की पिसं उपटलेल्या पक्ष्यासारखं केविलवाणं दिसायचं. परत जोडताना दोन माणसं दोन टोकांना, एक मध्ये वाकलेला, आणि क्रेनवाल्याला "थोडं, अजून थोडं" असं सांगणारा आमचा चीफ. काम झालं की प्रत्येक पाना, प्रत्येक सॉकेट मोजून पेटीत त्याच्या खाचेत. एक खाच रिकामी दिसली तर विमान हलत नसे.

दुसरी आठवण खड्यांची. ते इंजिन समोरून प्रचंड हवा ओढतं, आणि उतरताना खालचा झोत जमिनीवरचं सगळं उडवतो. म्हणून सकाळी आम्ही खांद्याला खांदा लावून, मान खाली घालून, टारमॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो. पावसाळ्यात बुटांच्या तळव्यांत जांभ्याचे तांबडे खडे अडकून यायचे. ते आधी काडीने कोरून काढायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. आजही घरात शिरताना मी बूट उलटे करून बघतो.

विमान सोपं नव्हतं, हेही सांगायला हवं. आपल्या ताफ्यातली निम्म्याहून अधिक हॅरियर अपघातांत गेली, आणि काही तरुण वैमानिकही. विमान परत आलं नाही की त्याच्या नोंदवहीत ज्याची शेवटची सही असे, तो तंत्रज्ञ पुढे कित्येक दिवस मनात प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळत राहायचा. चूक कुठली नाही हे सिद्ध झालं तरी. जे गेले त्यांच्या घरांपुढे आमचं दुःख लहान, पण ते होतं.

वयाबरोबर या विमानाला नवे डोळेही मिळाले. मूळचं रडार ब्रिटिश होतं. 2000 नंतरच्या दशकात इस्रायली एल्टाचं रडार आणि नजरेपलीकडे मारा करणारी डर्बी क्षेपणास्त्रं बसवली. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या आयुष्यातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. वेग तोच राहिला, पण समोरच्याला आधी पाहून आधी मारा करता येऊ लागला. हवेतल्या आधुनिक लढाईत याचं मोल दुप्पट वेगापेक्षा जास्त आहे.

1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सी हॅरियरांनी समोरासमोरच्या लढतीत एकही विमान न गमावता अर्जेंटिनाची वीसेक विमानं पाडली, आणि त्यांतली बरीचशी हर्मिस जहाजावरून उडत होती. तेच हर्मिस 1987 साली आपलं विराट झालं. खुद्द ब्रिटिशांनी सी हॅरियर मार्च 2006 मध्ये निवृत्त केली, आणि त्यांनी दिलेल्या कारणांत उष्ण हवेतली इंजिनाची ओढाताण होती. ती उष्ण हवा तर आमची रोजचीच. त्यानंतर दहा वर्षं जगात सी हॅरियर उडवणारं एकच नौदल उरलं होतं, आपलं. बनवणाऱ्या देशाने हात झटकलेलं विमान दहा वर्षं उडतं ठेवायचं म्हणजे सुट्या भागांसाठी काय धावपळ असेल, याचा अंदाज तुम्ही करा.

1997 मध्ये जुनं विक्रांत निवृत्त झालं. 2013 मध्ये विक्रमादित्य हे विमानवाहू जहाज दाखल होईपर्यंत मधल्या सोळा वर्षांत आपल्याकडे एकटं विराट आणि त्यावरची हॅरियरच होती. 11 मे 2016 ला निरोपाच्या दिवशी हॅरियर आणि मिग 29 के एकत्र उडाली, उतरल्यावर हॅरियरांना रिवाजाप्रमाणे पाण्याने न्हाऊ घातलं, आणि व्हाइट टायगर्सचं नाव मिगकडे गेलं. मी घराच्या गच्चीवर होतो. शेजारची मुलं मिग ओळखून ओरडत होती. मी दुसऱ्या आवाजाकडे कान लावून होतो. हवेत थांबताना पेगासस जे किंचाळायचं, ते वास्कोतल्या शाळांनाही ठाऊक होतं. बाई बोलणं थांबवून फळ्यावर लिहायला लागायच्या आणि आवाज ओसरला की वाक्य पुढे सुरू.

पुन्हा संग्रहालयात जाल तेव्हा (सोमवारी बंद असतं) विमानाच्या समोर उभं राहून फोटो काढून निघू नका. बाजूला या, खाली वाका आणि मागच्या नोझलचं तोंड जवळून पाहा. धातूचा रंग पुढच्या नोझलपेक्षा वेगळा दिसेल, तो गरम झोताचा. मग पंखांच्या टोकांना लागलेली ती लहान चाकं बघा. पंख नेमका कुठे उघडून उचलत असू ती रेषाही वरून दिसते. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी गेलात तर डोक्यावरून मिग जातानाही ऐकू येतील.