आउटलुकमधले पंधरा-सोळा वर्षांचे मेल आउटलुकच्या बाहेर, पुढेही वाचता येतील असे कसे जपून ठेवावेत?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: ऑफिसच्या विंडोज मशीनवर जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक आहे. त्यात २००८ पासूनचे मेल आहेत आणि ते ज्यात साठतात ती पीएसटी फाइल ३८ जीबीवर गेली आहे. प्रोग्रॅम रडतखडत उघडतो, आणि पुढच्या वर्षी लायसन्स घ्यायचं नाही. पण करार, कोटेशनं, बिलं सगळी त्यातच आहेत, म्हणून मेल हवेतच.

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. प्रत्येक मेलची एक स्वतंत्र ईएमएल फाइल काढा, वर्षवार फोल्डरांत लावा, आणि सोबत मूळ पीएसटीची एक प्रत हात न लावता ठेवून द्या. हे सगळं दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक ऑफिसबाहेर.

ईएमएल म्हणजे मेल इंटरनेटवरून जसा येतो तसा साधा मजकूर: वर हेडर (पाठवणारा, तारीख, मेलचा मार्ग), खाली मजकूर आणि अटॅचमेंट. या रचनेचा पाया १९८२ सालच्या आरएफसी ८२२ या इंटरनेटच्या मानकात आहे. थंडरबर्ड, ॲपल मेल, आउटलुक, कुणीही ती फाइल उघडतं, आणि काहीच नसेल तर नोटपॅडमध्येही पाठवणारा नि तारीख दिसते. पीएसटी हा मात्र एक डेटाबेस आहे. त्याची रचना मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये जाहीर केली, म्हणून आज इतर प्रोग्रॅम ती वाचू शकतात. पण ३८ जीबीच्या एका फाइलमध्ये नेमक्या मोक्याच्या जागी चार ब्लॉक खराब झाले तर फोल्डरच्या फोल्डर जातात. ईएमएलमध्ये तेवढ्याच नुकसानीत दोन-चार मेल जातील.

आउटलुकमधून मेल डेस्कटॉपवर ओढला की जी फाइल तयार होते ती एमएसजी. तिच्या नादाला लागू नका, ती पुन्हा आउटलुकच्याच घरची. पीडीएफ दाखवायला छान, जपायला नाही: पूर्ण हेडर जातात आणि अटॅचमेंट बहुतेक वेळा गळतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ मध्ये जपलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदीतून तिचा उगम, ती कुठे गेली, आणि पाठवल्याची किंवा मिळाल्याची तारीख-वेळ कळली पाहिजे असं म्हटलं आहे. छापून काढलेल्या पीडीएफमध्ये यातलं किती उरतं ते एकदा बघाच.

एमबॉक्स हा प्रकार वाईट नाही. थंडरबर्ड मूळात तोच वापरतो आणि गुगल टेकआउटही जीमेल त्यातच देतं. पण त्यात अख्खा फोल्डर एका फाइलमध्ये असतो. २०११ सालच्या एखाद्या मेलमध्ये व्हायरसवाली झिप पडून असेल आणि अँटिव्हायरसला ती आज सापडली, तर तो कधीकधी पूर्ण एमबॉक्स फाइलच उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. ईएमएल असेल तर तो एकच मेल जातो.

आता एक गैरसमज. आउटलुकमधल्या ‘आर्काइव्ह’ बटणाने मेल बाहेर जात नाही. तो त्याच मेलबॉक्समधल्या आर्काइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये सरकतो, एवढंच. ऑटोआर्काइव्ह वेगळं, ते जुने मेल दुसऱ्या पीएसटीत टाकतं. पण तीही पीएसटीच.

सुरुवात करताना फाइल–अकाउंट सेटिंग्ज–डेटा फाइल्स इथे जाऊन तुमचे मेल खरंच पीएसटीत आहेत का ते पाहा. ओएसटी दिसली तर ती सर्व्हरवरच्या मेलची त्या खात्याला बांधलेली तात्पुरती प्रत आहे, नुसती कॉपी करून उपयोग नाही. त्यातून आधी ओपन अँड एक्सपोर्टमधून पीएसटी काढावी लागेल. इथेच मोठा खड्डा आहे. एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या खात्यात ‘मेल टू कीप ऑफलाइन’ नावाची एक पट्टी असते, आणि ती बहुधा एक वर्षावर ठेवलेली असते. तशीच ठेवून एक्सपोर्ट केलंत तर एका वर्षाचेच मेल निघतील, आणि आउटलुक त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. पट्टी ‘ऑल’वर न्या, सगळं उतरेपर्यंत थांबा (ऑफिसच्या इंटरनेटवर याला दिवस लागू शकतो), मग एक्सपोर्ट करा. फाइल ५० जीबीच्या पुढे जाणार असेल तर वर्षांप्रमाणे तुकडे करा. आउटलुक २०१० पासून पीएसटीची ठरलेली मर्यादा तेवढीच आहे.

मग आउटलुक पूर्ण बंद करून पीएसटीची कॉपी घ्या, आणि लगेच सेव्हन-झिपच्या राइट-क्लिक मेनूतून तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा जणू बोटाचा ठसा) काढून टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. हे उघडण्याआधीच करायचं, कारण आउटलुकने पीएसटी नुसती उघडली तरी फाइल बदलते आणि हॅश जुळत नाही. पुढे कधी कोर्टात मेल दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश नमूद करावा लागतो. तो आधीपासून लिहिलेला असलेला बरा.

इथून पुढचं सगळं काम दुसऱ्या प्रतीवर. ऑफिसच्या प्रोग्रॅम फोल्डरमध्ये स्कॅनपीएसटी नावाची दुरुस्तीची फाइल असते. ती चुका सापडेनाशा होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा. ती फार खराब झालेले मेल काढूनही टाकते, म्हणूनच मूळ प्रत बाजूला ठेवायची.

रूपांतरासाठी मी रीडपीएसटी हा टर्मिनलमध्ये आदेश देऊन चालवायचा प्रोग्रॅम सुचवेन. फुकट आहे, लायसन्सची कटकट नाही, आणि आउटलुक मशीनवर नसलं तरी चालतं. विंडोज १० किंवा ११ वर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) सुरू करून उबुंटू हे लिनक्स बसवा आणि त्यात पीएसटी-युटिल्स हे पॅकेज घ्या. चालवताना चार गोष्टी द्या: स्मॉल ई म्हणजे प्रत्येक मेल स्वतंत्र ईएमएल, कॅपिटल डी म्हणजे डिलीटेड आयटम्सचा फोल्डरसुद्धा, नाहीतर तो गाळला जातो, स्मॉल ओ आणि त्यापुढे आउटपुट कुठे टाकायचं त्या फोल्डरचा पत्ता, शेवटी पीएसटीचं नाव. आउटपुट आधी उबुंटूच्याच डिस्कवर काढा. डब्ल्यूएसएलमधून थेट सी ड्राइव्हवर लाखभर बारक्या फाइली लिहायला लावल्या तर काम मुंगीच्या पावलाने चालतं.

जागा किती लागेल? अटॅचमेंट पीएसटीत मूळ रूपात असतात, ईएमएलमध्ये बेस६४ (फाइल साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) होऊन जातात आणि साधारण ३७ टक्क्यांनी फुगतात. म्हणजे तुमचे ३८ जीबी पन्नाशीच्या आसपास जातील. दोन पीएसटी प्रती धरून १३० जीबी मोकळे हवेत. शेवटी झिप केल्यावर ही फुगवटी बरीचशी उतरते.

टर्मिनलची भीती वाटत असेल आणि मेल घरचे असतील तर मेलस्टोअर होम सोपं आहे. ते पीएसटी थेट वाचतं, शोधून देतं आणि ईएमएल काढूनही देतं. पण ते खाजगी वापरापुरतंच मोफत आहे, तुमच्या ऑफिसच्या मेलला चालणार नाही. जीमेलचं खातं आउटलुकला जोडून सगळे मेल तिकडे ओढायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. मोफत जागा १५ जीबी, तीही ड्राइव्ह आणि फोटोंसकट. पैसे भरून वर्कस्पेसचं खातं घेतलं तरी आयमॅपने (मेल प्रोग्रॅम सर्व्हरशी बोलतो ती पद्धत) दिवसाला ५०० एमबीच चढवता येतात. ३८ जीबीला अडीच महिने लागतील. आणि एवढं करून मेल राहणार कुणाच्या तरी सर्व्हरवरच.

रूपांतर झालं की मोजणी. आउटलुकमध्ये प्रत्येक फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये एकूण आयटम दाखवायचा पर्याय आहे. तो आकडा आणि त्या फोल्डरमधल्या ईएमएलची संख्या शेजारी लिहा. थोडा फरक पडेल, कारण कॅलेंडर आणि संपर्क ईएमएल होत नाहीत, ते आयसीएस आणि व्हीकार्ड म्हणून वेगळे निघतात. इनबॉक्समध्ये मात्र शेकड्यांनी फरक असेल तर आधी विंडोज डिफेंडरची क्वारंटाइन यादी पाहा, मग स्कॅनपीएसटीचा लॉग. काही मेलना आरटीएफ-बॉडी नावाची अटॅचमेंट चिकटलेली दिसेल. तो आउटलुकने स्वतःच्या पद्धतीने साठवलेला मजकूर आहे, व्हायरस नाही. ऑफिसातल्या ऑफिसात एक्स्चेंजवरून फिरलेल्या जुन्या मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी ईमेल पत्त्याऐवजी तिरक्या रेघांची लांबलचक ओळ असू शकते; तीही चूक नव्हे, पण कोण कुणाचं याची एक यादी आत्ताच करून ठेवा, माणसं आठवतात तोवर.

एक गोष्ट मान्य करून चला: पीएसटीत मूळ मेल जशाच्या तसा नसतो, आउटलुकने त्याचे भाग सुटे करून ठेवलेले असतात. ईएमएल ही त्यांची पुन्हा केलेली जुळणी आहे. म्हणून डीकेआयएमसारख्या, मेल खरंच त्या डोमेनवरून आला हे दाखवणाऱ्या सह्या त्यावर तपासता येत नाहीत. जे मेल अजून सर्व्हरवर आहेत ते थंडरबर्डने आयमॅपवरून उतरवून इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी या ॲड-ऑनने ईएमएल केलेत तर मूळ बहुधा जसाच्या तसा मिळतो; एक्स्चेंज सर्व्हरवर मात्र याची खात्री नाही. अलीकडच्या वर्षांसाठी ही वाट जास्त चांगली.

मराठी मेल असतील तर पुढचं नीट वाचा, इंग्रजी गाइडांमध्ये हे सापडत नाही.

रीडपीएसटी फाइलींना आकड्यांची नावं देतं. ती तशीच राहू द्या. काही साधनं विषयाच्या ओळीवरून नाव देतात, आणि लोक हौसेने तो पर्याय घेतात. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की कॉपी अडते. लिनक्समध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. ‘सन २०१४-१५ च्या थकीत देयकांबाबत स्मरणपत्र’ असल्या विषयातच चाळीसेक चिन्हं जातात; विषय याच्या दुपटीहून लांब असला आणि पुढे दोनदा ‘फॉरवर्ड’ लागलं की गाडी अडलीच.

२००३ च्या आधीच्या आउटलुकची जुनी पीएसटी (२ जीबीची मर्यादा असलेली) असेल तर तिला युनिकोड येत नाही. त्यात देवनागरी विषयाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. आलेल्या मेलच्या इंटरनेट हेडरमध्ये विषय सांकेतिक रूपात शाबूत असू शकतो, तेवढं तपासा. पाठवलेल्या मेलच्या विषयाला मात्र उपाय नाही.

त्या काळातले कितीतरी मेल आणि वर्ड फाइली श्री-लिपी, शिवाजी, सुरेख अशा फॉन्टांत आहेत. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो, कारण आत खरंच रोमन अक्षरंच आहेत. त्या फॉन्टच्या टीटीएफ फाइली आर्काइव्हमध्येच एका फोल्डरमध्ये ठेवा. महत्त्वाच्या कागदांचं युनिकोड रूपांतर करून मूळ फाइलशेजारी ठेवा. मूळ मात्र पुसू नका. रूपांतरकांचा जोडाक्षरांत आणि रफारात हमखास गोंधळ होतो.

शोधायचंही तसंच. ईएमएलमध्ये देवनागरी मजकूर बहुधा बेस६४ मध्ये असतो. नोटपॅडसारख्या साध्या शोधात ‘निविदा’ टाकलंत तर एकही मेल सापडणार नाही आणि तुम्हाला वाटेल मेल गेले. मेलची रचना समजणारं साधन हवं. लिनक्सवर रिकॉल उत्तम, ते झिप आणि पीडीएफ अटॅचमेंटच्या आतही शोधतं. थोडेसेच मेल असतील तर थंडरबर्डच्या लोकल फोल्डरमध्ये त्या वर्षाचे ईएमएल घालून शोधा, काम झालं की काढून टाका. एखादा मेल ‘à¤®’ अशा अक्षरांत उघडला तर थंडरबर्डच्या व्ह्यू मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एनकोडिंग’ आहे. बऱ्याचदा तेवढ्याने सरळ होतो.

साठवताना दर वर्षाची एक झिप करा. सुट्या लाखभर फाइली यूएसबी डिस्कवर उतरवायला रात्र जाते, आणि मध्येच वायर निघाली तर काय गेलं ते कळत नाही. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या. जुने पेनड्राइव्ह एफएटी३२ असतात आणि ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाहीत. दीर्घकाळ कपाटात पडून राहणार असेल तर एसएसडी किंवा पेनड्राइव्हपेक्षा साधी फिरती हार्ड डिस्क घ्या, आणि वर्षातून एकदा लावून हॅश जुळतात का ते पाहा. गुपितं असतील तर पूर्ण डिस्क बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टने बंद करा. पीएसटीला दिलेल्या पासवर्डवर भिस्त ठेवू नका. त्याने फाइलमधला मजकूर कूटबद्ध होत नाही, आउटलुक फक्त दारात विचारतं. काही मेल एस-माइम या प्रमाणपत्राच्या पद्धतीने कूटबद्ध असतील तर तुमची खाजगी किल्लीही पीएफएक्स फाइल म्हणून काढून वेगळी जपा, नाहीतर ते मेल कायमचे बंद.

अलीकडच्या मेलमध्ये ‘फाइल जोडली आहे’ असं दिसतं, पण प्रत्यक्षात वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हची लिंक असते. आर्काइव्हमध्ये लिंकच येते, फाइल नाही. खातं बंद करण्याआधी निदान करार-बिलांच्या अशा लिंका शोधून फाइली उतरवून घ्या.

आउटलुक काढायची घाई नको. दुसऱ्या मशीनवर, जिथे आउटलुक कधी नव्हतं तिथे, कुठल्याही तीन वर्षांच्या झिपा उघडा. प्रत्येकीतले दहा-वीस मेल, त्यातले काही मराठी, काही मोठ्या अटॅचमेंटचे, उघडून पाहा. सर्व्हरवरचे मेल पुसायचे असतील तर ते यानंतर. कंपनी असेल तर हिशेबाशी संबंधित मेल आठ आर्थिक वर्षं, आणि जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, तेव्हा पुसण्याची यादी तुमच्या सीएला दाखवून घ्या. आणि आउटलुक काही महिने आणखी वापरणार असाल तर हे लक्षात असू द्या: मेल पुसल्याने पीएसटी लगेच लहान होत नाही. डेटा फाइलच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ दाबावं लागतं, आणि ३८ जीबीला ते संध्याकाळी लावून घरी जायचं काम आहे.