जुन्या प्लेटिंग युनिटच्या जागेवर इमारत बांधण्यापूर्वी माती तपासायला सरकारी अनुदान मिळते का?

आपल्या वडिलांचे क्रोम प्लेटिंगचे युनिट बंद होऊन बरीच वर्षे झाली, आता त्या जागेवर फ्लॅट बांधायचे आहेत, बिल्डर मातीचा अहवाल मागतो आहे आणि अमेरिकेत अशा तपासणीचा खर्च सरकार उचलते असे आपल्या वाचनात आले आहे. तर नागपुरात तशी सोय आहे का, असे आपण विचारले आहे. मी याच शहरात गेली अठरा वर्षे माती आणि भूजल तपासणीचे काम करतो. खासगी मालकाला असे अनुदान आपल्याकडे मिळत नाही, आणि स्पष्टच सांगायचे तर आपल्याला ते अमेरिकेतही मिळाले नसते.

तिथल्या पर्यावरण संस्थेने 1995 मध्ये ‘ब्राउनफील्ड’ (प्रदूषित किंवा तसा संशय असलेल्या जुन्या जागांसाठीचा) कार्यक्रम सुरू केला, 2002 मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला आणि 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात त्यासाठी 1.5 अब्ज डॉलरची तरतूद झाली. यातले तपासणीचे अनुदान मुख्यतः स्थानिक स्वराज्य संस्था, आदिवासी जमातींची शासने आणि ना-नफा संस्था यांना दिले जाते. ज्याच्यामुळे जमीन बिघडली त्याला नाही. 1980 च्या सुपरफंड कायद्याने जुन्या प्रदूषणाचा बोजा नव्या मालकावरही येऊ शकत असल्यामुळे नुसत्या संशयानेच गिऱ्हाईक मागे फिरत असे आणि जागा वर्षानुवर्षे पडून राहत, म्हणून तो संशय फेडण्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून करावा, हा त्यामागचा विचार. तपासणीच्या पहिल्या टप्प्यात तर कुदळही लागत नाही. जुने नकाशे, परवाने, शेजाऱ्यांच्या आठवणी आणि जागेची पाहणी एवढ्यावरच अहवाल होतो.

आपल्याकडे दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम 2025 मध्ये आले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक आणि त्यानंतर सविस्तर तपासणी करायची, आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. तो सापडलाच नाही किंवा त्याची ऐपत नसेल, तरच केंद्र आणि राज्य पुढे येतात. थोडक्यात, सरकारी पैसा बेवारस जागांसाठी आहे आणि आपली जागा बेवारस नाही. (भांडेवाडीच्या कचरा डेपोतला जुना कचरा उपसण्याचे काम वर्तमानपत्रांत गाजते, पण तो घनकचऱ्याचा विषय आहे, त्याचे खाते वेगळे.) मला या व्यवस्थेत खटकते ते हे की कोणी संशय नोंदवेपर्यंत मातीचा एक नमुनाही सरकारी खर्चाने निघत नाही, आणि स्वतःच्या जागेबद्दल संशय नोंदवायला कोण जाणार?

तरीही तपासणी टाळू नका. शहराच्या पूर्वेकडे अशाच एका बंद युनिटमध्ये आम्ही हाताच्या ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) खड्डा घेतला, तेव्हा वरची वीतभर माती अगदी साधी दिसत होती. पण त्याखाली, उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगांच्या कडेने, पिवळट रेघ थेट मुरमापर्यंत उतरलेली होती. शिसे किंवा त्रिसंयुजी क्रोमियम (क्रोमियम-3) चिकणमातीला धरून राहते. प्लेटिंगच्या टाकीतले षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियम-6) मात्र ऋणभारित क्रोमेटच्या रूपात असते आणि चिकणमातीही ऋणभारितच, त्यामुळे ते पाण्याबरोबर खाली सरकते. म्हणून आपल्याकडे मातीइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याला आहे.

आधी कागद गोळा करा: आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), प्रदूषण मंडळाची जुनी संमतीपत्रे (घरी नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा) आणि टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कुठे सोडत होते, हे सांगू शकेल असा एखादा जुना कामगार. हा कामगार सापडला तर निम्मे काम झाले. नमुने त्याने दाखवलेल्या जागीच घ्या, सरसकट चौकोन आखून नव्हे. नागपुरात नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) असल्यामुळे मातीची पिशवी तिकडे नेऊन दिली की झाले, असे अनेकांना वाटते. पण एका प्लॉटसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा पुरते, फक्त एकूण क्रोमियम आणि षट्संयुजी क्रोमियम वेगवेगळे मोजायला सांगा.

खर्च बिल्डरने उचलायचा ठरल्यास तसे विकास करारनाम्यात लिहून घ्या, पण अहवाल आपल्या नावाने करा. सौदा फिसकटला आणि अहवाल बिल्डरच्या कपाटात राहिला, तर पुढच्या बिल्डरसाठी हीच माती आपल्याला पुन्हा पैसे मोजून तपासावी लागेल.